चेहरा नसलेल्या फिल्मा

मी, सरोजिनी दिवाकर रिसबूड, वय छप्पन्न, राहणार रामबाग, इंदूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. पोटातल्या गाठीचे नाव डॉक्टरांनी सांगितले आहे, तेव्हा आता थांबण्यात अर्थ नाही.

१. यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर असलेले रामबागेतले घर मी धाकटी जाऊ सौ. रमा हिला, तिच्या एकटीच्या मालकीने देते. तिचे पती, माझे दीर श्रीकृष्ण, यांनी रमा ठेवील तोवर तिथे राहावे. त्यांचा हक्क पोहोचत नाही. कारण लिहून ठेवते.

यजमान कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. दर हिवाळ्यात आम्ही जामनगरपलीकडच्या एका बेटावर जात असू. ओहोटीला प्रवाळाचा खडक उघडा पडे. तळाला काच बसवलेली पेटी पाण्यावर टेकवून मी तिच्यातून कॅमेरा खाली रोखायची. तारामासे, समुद्रफुले, रंग बदलत कपारीत शिरणारा ऑक्टोपस. यजमान नावे सांगत, मी फोटो काढी. आम्हाला मूल झाले नाही. तिथे असताना त्याची आठवणही होत नसे. मराठीत पुस्तक करायचे ठरले होते.

मग ते आजारी पडले. मुंबईच्या इस्पितळात मी त्यांच्या उशाशी होते. ते गेले. घरी परतले तो फिल्मांचे कपाट रिकामे.

भावजी म्हणाले, "वहिनी, चुन्याचं काम निघालं होतं ना, म्हणून डब्बे कबाडीला देऊन टाकले. मी उजेडात धरून बघितलं बाकायदा. एकातही कुणाचा चेहरा नव्हता."

मी रिकामे कपाट लावून घेतले. त्याबद्दल आजवर त्यांना बोललेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात सगळे पुन्हा टिपायचे म्हणून मी निघाले. भावजींचा विरोध पत्करून रमा सोबत आली. नाववाला ओळखीचा. तो म्हणाला, "बेन, सिमेंटवाले चूने के वास्ते सब खोद के ले गए. अब वहाँ कीचड़ है." तरी आम्ही उतरलो. पेटी रमाने धरली होती. काचेखाली नुसता गाळ.

"ताई, अजून थोडं पुढे बघू या का?" ती विचारत राहिली. कमरेइतक्या पाण्यापर्यंत गेलो. मग तीच रडू लागली.

२. कॅमेरा रमाची मुलगी कमल हिला. तिने माणसांचे फोटो काढावेत. माणूस नाहीसा झाला तर निदान कुणीतरी चौकशी करते.

३. यजमानांची पुस्तके कॉलेजने घेतली तर द्यावीत. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी मागे "जागा नाही" म्हटले होते. पुन्हा एकदाच विचारावे.

४. माझ्या अस्थी त्या समुद्रात सोडाव्यात असे रमाने बोलून दाखवले आहे. सोडू नयेत. तिथे आता कुणी नाही. क्षिप्रा जवळ आहे, तेवढे पुरे.

सही : सरोजिनी दिवाकर रिसबूड
इंदूर, १९ नोव्हेंबर १९६८

बाईंनी आमच्यादेखत, आम्ही दोघे हजर असताना सही केली :
१. शरच्चंद्र दिनानाथ आगाशे, वकील
२. प्रेमलता जयसिंगराव शितोळे, शेजारी