मशीन म्हणे आता किंचाळत नाही

पनवेल

प्रिय अविटल,

हाताने पत्र लिहून किती वर्षं झाली, देव जाणे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. मला पेन्सिलीची सवय, आणि तीसुद्धा लाकडावर खुणा करायची. पण गेले काही दिवस दोन गोष्टींनी माझं डोकं पार चक्रावलं होतं. एक म्हणजे कारखान्यातलं रंधा मशीन आणि दुसरी तू. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागायच्या आत येणारा तुझा फोन सलग तीन शुक्रवार आला नाही. मीच केला तर तू उचललास, काहीतरी अर्धवट बोललीस आणि ठेवलास. माझं काय चुकलं, की तिकडेच काही बिनसलंय, मला काही उमगेना. तुझी आई असती तर तिनं एका मिनिटात माझ्या डोक्यात उजेड पाडला असता. ती नाही, म्हणून मी आपला चाचपडत बसलो.

तुझं जरा बाजूला ठेवून आधी मशीनचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तुझं सांगता येणार नाही. आपल्या कारखान्यामागे टॉवर उभा राहिला हे तुला ठाऊक आहे. तिथे पहिल्या मजल्यावर कृष्णकांत नावाचे एक रिटायर्ड गृहस्थ आलेत. मशीन सुरू झालं की ते गॅलरीत येऊन दोन्ही कानांवर हात ठेवून उभे राहायचे, मला दिसावं म्हणून अगदी मुद्दाम. मग तक्रारअर्ज झाला, मग सोसायटीचे चारजण येऊन गेले. मला वाटायचं, काय नाटकी माणूस आहे! रंधा मशीन आहे, लाकूड तासतं, घूंऽऽ करतं, एवढं काय त्यात? बळीराम, आपला ओवे गावचा जुना कारागीर, तुला खांद्यावर बसवून बाजार दाखवायचा तो, तोही म्हणाला की शेठ, त्या मानसाचं खरं हाय. मी त्याच्यावरही खेकसलो.

शेवटी देवेश नावाच्या मशीनवाल्यानं तोड काढली. जुन्या मशीनच्या रुळात लांब सरळ पाती असतात. एकेक अख्खं पातं लाकडावर एकदम आपटतं, म्हणून मशीन किंचाळतं, असं तो म्हणाला. त्याऐवजी नवा स्पायरल कटर बसवायचा. रुळावर तिरक्या फिरत गेलेल्या ओळी, आणि त्या ओळींत स्क्रूनं घट्ट केलेले बारके चौकोनी कटर. प्रत्येकजण आपल्या वाटणीचं थोडंथोडं लाकूड घेतो. एक कड बोथट झाली की कटर फिरवायचा, दुसरी कड तयार. पाती काढा, धार लावून आणा, परत एका पातळीत बसवा, ही कटकट कायमची गेली. मला पटलं. देवेशनं मशीन उघडून जुना रूळ बेअरिंगसकट काढला, नवा बसवला, आणि आम्ही खारघरच्या एका गिऱ्हाइकाच्या पलंगाची सागाची फळी आत घातली. उलटसुलट रेषांची फळी, जुन्या पात्यांनी तिच्या हमखास चिरफळ्या उडवल्या असत्या. बाहेर आली ती इतकी गुळगुळीत, की मी गालाला लावून पाहिली.

इथपर्यंत सगळं झकास. पण देवेश हसत मला म्हणाला, काका, आवाज बघा. मी ऐकलं. घूंऽऽ. कालच्यासारखंच, तसूभरही फरक नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघतोय, तो माझ्या. बळीराम तर खुशीत नाचायचा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी कृष्णकांत चक्क पेढे घेऊन आले आणि म्हणाले, मशीन चालू आहे की बंद तेच कळत नाही हो आता. मला वाटलं, टोमणा मारतायत. पेढा घेतला, पण तोंडातल्या तोंडात चार शब्द सुनावलेच. मग सरळ देवेशला बोलावून विचारलं, अरे, फसवलंस की काय मला? बिचाऱ्यानं मोबाईलवर आवाज मोजून काटा दाखवला, आधीचा आणि आत्ताचा. मी म्हटलं, मोबाईलला काय कळतंय! पण मनातून पुरता गोंधळलो होतो. एवढी माणसं मिळून मला कशाला वेड्यात काढतील?

तू लहान असताना आई डबा देऊन तुला कारखान्यात पाठवायची. मशीन थांबेपर्यंत तू दाराबाहेरच उभी राहायचीस, कानांत बोटं घालून, डोळे गच्च मिटून. मी तुला भित्री म्हणायचो, आणि तू रागावून डबा उंबऱ्यावर ठेवून पळून जायचीस. हल्ली हे फार आठवतं. म्हणजे तेव्हा मशीन किंचाळत होतं, हे तर नक्की. मग कधी थांबलं?

याचं उत्तर आणलं तुझ्या सिप्पोरा आत्यानं, तेही नकळत. गेल्या रविवारी ती न कळवता ठाण्याहून आली, माझ्याशी भांडायला. मी दाराकडे पाठ करून पलंगाचा सांधा बसवत होतो. मशीन बंद होतं. तिनं मला तीनदा हाक मारली म्हणे. बळीरामनं खांद्याला हात लावला तेव्हा मी वळलो, तर ही दारात उभी, तोंड लाल आणि डोळे भरलेले. भांडायला आलेली बाई भांडण विसरली. मग तिनं मला पुन्हा पाठ करायला लावली, मागून काहीतरी बोलली आणि काय बोलले ते सांग म्हणाली. मला सांगता येईना. तेव्हा बळीराम मान खाली घालून बोलला, शेठ, दोन-तीन वर्सं झाली, तुमाला बारीक आवाज येतच नाय. आमी तर मोठ्यानंच बोलतो. आमाला वाटलं, तुमाला म्हाईत हाय.

सगळ्या कारखान्याला माहीत होतं, मालक सोडून! सिप्पोरानं दुसऱ्याच दिवशी मला खांदा कॉलनीतल्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. म्हणाले, जाड आवाज ठीक येतायत, वरच्या पट्टीतले गेलेत. बायकांचं, मुलांचं बोलणं येईल, पण त्यातले शब्द निसटतील, फोनवर तर जास्तच. एवढी वर्षं उघड्या कानांनी मशीनपाशी उभं राहिल्याचा हा प्रसाद. नव्या कटरनं मशीनची जी किंचाळी बंद केली, ती माझ्यापुरती कधीच बंद झालेली होती. म्हणून मला फरक कळेना.

तुझ्या आवाजाचंही तेच, अविटल. फोनवर मला तुझा आवाज यायचा, चढायचा, उतरायचा, शब्द हाती लागायचे नाहीत. मी नेटवर्कला शिव्या घातल्या, फोन बदलला. तू व्हिडिओ लावायचीस तेव्हा तोंड बघून बरंचसं समजायचं. तेही तू बंद केलंस. का बंद केलंस, ते आता आत्यानं सांगितलं. रडून सुजलेला चेहरा मला दिसू नये म्हणून. बाळा, मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

आता खरं ते लिहितो. फोन ठेवायच्या आधी तू दर वेळी विचारतेस, पप्पा, काही पाठवू का? आणि मी दर वेळी म्हणतो, नको गं, उगाच कशाला, मी मजेत आहे. तुझा फोन आला त्या शेवटच्या शुक्रवारी तू बराच वेळ बोललीस, शेवटी आवाज चढवून काहीतरी विचारलंस, आणि मी सवयीनं तेच उत्तर दिलं. तू काय विचारलं होतंस ते मला रविवारी सिप्पोराकडून कळलं, त्यावरूनच ती भांडायला आली होती. ओरेनशी तुझा संसार मोडलाय, आणि तू विचारलंस, पप्पा, मी पनवेलला परत येऊ का? इथले आपले ज्यू सगळे तुझ्यासारखेच तिकडे परदेशी गेले, सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना आमची दमछाक होते. तिकडून कुणी परत यायचं विचारेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि मी तुला म्हणालो, नको गं, उगाच कशाला, मी मजेत आहे. ते उत्तर तुझ्या प्रश्नाचं नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: ये. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, तसंही मला ते ऐकू येणार नाही. जमेल तितक्या लवकर ये. फक्त कधी येतेस ते फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझाच,
बहिरा बाप