ड्रॅगन वाट बघतोय

गुरुवार, ३ ऑक्टोबर
खेळातला ड्रॅगन कागदावर पूर्ण झाला. नाव झिलझाल, म्हणजे भूकंप. सात प्रकारचे हल्ले, शेपटीचा वेगळा. अख्ख्या पोर्ट सैदमध्ये असा ड्रॅगन कुणी बनवलेला नाही.

प्लॅन पक्का. दर गुरुवारी संध्याकाळी इहसानताईच्या दिवाणखान्यात खेळ. गोष्ट मी सांगणार, बाकीचे तिघे आपापलं पात्र चालवणार, अडेल तिथे वीस बाजूंचा फासा. वीस पडले तर चांदी, एक पडला तर बोंब. चौथ्या गुरुवारी डोंगरमाथा. झिलझालसमोर नग्ला एकटी, भात्यात शेवटचा बाण. ती त्याला पाडणार, आनंदाने उभी राहणार, आणि तेवढ्यात मी तिला लग्नाचं विचारणार.

नग्ला ताईच्या शाळेत भूगोल शिकवते. तिला लढाई फार आवडते. तसं बोललेली नाही, पण भुवया सांगतात. तिसरा गडी हवा म्हणून चष्म्याच्या दुकानवाल्या शौकीला घेतलंय. मंद आहे. निरुपद्रवी.

गुरुवार, १० ऑक्टोबर
अख्खी संध्याकाळ पात्रं बनवण्यात गेली. मी तिघांनाही तयार योद्धे दिले होते. शौकी म्हणाला, मला तलवार नको, माझा माणूस भटारी आहे, गुडघा दुखतो आणि आईला घाबरतो. नग्लाने विचारलं, कुठला गुडघा? यावर दोघं बराच वेळ हसली. यात हसण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

नग्लाने धनुष्यही परत केलं. म्हणाली, मी नकाशे काढणारी. मला नवनव्या जागा बघायच्यात. उत्तम. बघत बघत डोंगरावरच येईल.

ताईने मुकाट तलवार घेतली. म्हणाली, सांगशील त्याला मारते, पण टीव्हीवरची मालिका लागायच्या आत आटप.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
किरकोळ अडचण. गावातून निघता निघता नग्लाने विचारलं, विहिरीमागे काय आहे? तिथे काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो: एक बंद पडलेली पावाची भट्टी.

संपली संध्याकाळ. शौकीने भट्टी साफ केली, नग्लाने गावातल्या गल्ल्यांचा नकाशा काढला. पाव कुठे कुठे पोचवायचा त्याचा. डोंगराकडे एक पाऊल नाही.

पुढच्या वेळी दरोडेखोर घालतो. सगळे सुतासारखे सरळ येतील.

गुरुवार, २४ ऑक्टोबर
दरोडेखोर घातले. ताईने दोन कापले. तिसरा शौकीच्या अंगावर धावला, तर शौकीने त्याला विचारलं, जेवलास का? फाशावर वीस पडले. नियम म्हणजे नियम. उरलेले दरोडेखोर आता घरोघरी पाव टाकतात. नग्लाने त्यांची बारशी केली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर
पीठ संपवलं. गिरणी फक्त डोंगरापाशी. आता कुठे जातील?

नग्लाने माझ्याच नकाशावर बोट ठेवलं. म्हणाली, ही निळी रेघ नदी ना? मग इकडे पाणचक्की असणारच. डोंगर राहिला विरुद्ध दिशेला. ती आणि शौकी दोघंच गाढव घेऊन निघाली. वाटेत शौकीचा भटारी आपल्या आईबद्दल बोलला. नग्ला तिच्या वारलेल्या वडिलांबद्दल बोलली. ते खेळातले नव्हते, खरे होते. मध्ये बोलायचं जमेना. मी गाढव होतो. दोनदा ओरडलो.

ताईने मासे तळताना मला आत बोलावलं. म्हणाली, बाबा रे, तुला काही दिसतं का? मी म्हणालो, ताई, सगळं दिसणं हेच माझं काम. तिने कपाळावर हात मारला. तेल उडालं असावं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
फेरीबोटीवर नग्ला आणि शौकी दिसले. समुद्रपक्ष्यांना पाव टाकत होते. नग्लाचा चष्मा नवा आहे. डोळ्यांचा नंबर झपाट्याने बदलत असणार, सारखी त्याच्या दुकानात असते. काळजी वाटते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
ते डोंगरावर येत नाहीत ना? डोंगर गावात आणला. झिलझाल स्वतः उतरला. मी खुर्चीवर उभा राहून डरकाळी फोडली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली.

नग्ला घाबरली. लगेच म्हणाली, मिदहतसाहेब, घसा बसेल, बडीशेपेचा चहा घ्या. माझी किती काळजी!

शौकीने ड्रॅगनला विचारलं, थकलेला दिसतोस, किती लांबून आलास? पुन्हा वीस. या माणसाचे फासे तपासायला हवेत. झिलझाल आता भट्टीमागे झोपतो आणि ती गरम ठेवतो. ताई म्हणाली, चला, सरपण वाचलं.

सातपैकी एकही हल्ला वापरता आला नाही. हरकत नाही. पुढच्या गुरुवारी लढाईशिवायच विचारतो. नवा शर्ट घेतला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर
खेळाआधी नग्लाच म्हणाली, मिदहतसाहेब, एक विचारायचंय. कान तापले. म्हणालो, विचारा की. म्हणाली, आमच्या दोघांच्या पात्रांचं लग्न लावायचंय, आणि गावात ते लावण्याइतका वयस्क फक्त ड्रॅगनच आहे. मी लावलं. जड आवाजात, बरं लावलं.

मग शौकीने बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांचा, डबा उघडला. म्हणाला, आता खरंही सांगतो. परवा नग्लाच्या घरी फातिहा वाचली. म्हणजे सुपारी फुटली. ताई हजर होती. ताईला केव्हापासूनच ठाऊक होतं.

नग्लाचे डोळे भरले होते. म्हणाली, सगळं तुमच्यामुळे. दुसरा कुणी असता तर लढायाच करत बसला असता. तुम्ही आम्हाला नुसतं बोलू दिलंत.

मी म्हणालो, खेळ असाच खेळायचा असतो. बसबूसा गोड होता.

गुरुवार, ५ डिसेंबर
ते दोघं फर्निचर बघायला गेले. खेळ नाही. तरी ताईकडे गेलो. ती मालिका बंद करून म्हणाली, बस. आज गोष्ट मी सांगते, तू पात्र बनव.

मी कधी पात्र बनवलेलं नाही. ताकद भरपूर लिहिली. ताईने विचारलं, याला आवडतं काय? लढाई, मी म्हणालो. कुणाशी? ती जागा कोरी ठेवली. याच्या घरी कोण असतं? तेही कोरं ठेवलं.

शेवटी तिने विचारलं, हा भितो कशाला? मी म्हणालो, कशालाच नाही. असल्या किरकोळ गोष्टी मनाला लावून घेणारा माणूसच नाही हा.

 ताईने फासा माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, टाक. गावातल्या लोकांना हे पटतंय का बघू.

टाकला. एक पडला.