रताळी, डुकरं आणि आमचे हे

११ फेब्रुवारी
पुन्हा आली डुकरं! रताळ्यांचे चार वाफे नांगरल्यासारखे उलथून गेलीत. हे बांधावर कमरेवर हात ठेवून उभे— जणू डुकरांनी आधी परवानगी घ्यायला हवी होती.

सकाळीच थोरल्या दिरांचा फोन. स्वतः राहतात शहरात, तिसऱ्या मजल्यावर. रानडुक्कर उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. तरी यांना सुनावलं— बापाची जमीन डुकरांना भिऊन सोडणार का? शेवटी यांनी सांगून टाकलं, यंदाही रताळी गेली तर जमीन विकायची आणि आम्ही दोघांनी लेकीकडे राहायला जायचं. दीर म्हणाले, बघू. मी मात्र ऐकून ठेवलंय. माझे गुडघे विहिरीच्या पायऱ्या आणखी एक वर्ष चढणार नाहीत.

१३ फेब्रुवारी
दिरांचा उपाय: माणसाचे केस. त्या वासाने डुकरं पळतात म्हणे! यांनी न्हाव्याकडून पोतंभर केस आणून बांधावर पसरले. दुपारी वारा सुटला. दुधात केस, अंथरुणात केस, माझ्या तोंडात कुणाकुणाचे केस. डुकरं नेहमीच्या वेळी येऊन जेवून गेली.

१४ फेब्रुवारी
आज शेतात रेडिओ लावला. डुकरं बातम्या ऐकत खातात.

१७ फेब्रुवारी
दिरांनी झटका मशीन पाठवलं. कुंपणाच्या तारेत बेताचा करंट सोडतं— जनावर मरत नाही, पण अद्दल घडते. सगळं जोडून झाल्यावर 'चालतंय का बघतो' म्हणत यांनी तारेलाच हात लावला. चालतंय! खाली बसले ते पाच मिनिटं उठले नाहीत. चाळीस वर्षं या अकलेच्या कांद्याबरोबर संसार करतेय मी.

१८ फेब्रुवारी
एक थोराड डुक्कर तारेला नाक लावून किंचाळत सुटलं, मागोमाग त्याचा सगळा गोतावळा. दीर फोनवर असे फुशारले, जणू तार त्यांनीच ओढली. हे गप्प. गर्व चढला की हे असेच गप्प होतात.

२२ फेब्रुवारी
वाफ्यांत एका खुराचा ठसा नाही. परवा काढणी. लेकीने विचारलं, आई, तुमची खोली आवरून ठेवू ना? म्हटलं, थांब जरा. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात बसून रडले. नुसती खायला काळ आणि भुईला भार ही डुकरं! एका झटक्यात शेपूट घातलं.

२३ फेब्रुवारी
संध्याकाळी हे ओट्यावर बसलेले पाहून मी हळूच कोठीत शिरले. मशीन बंद करायला. बघते तर दिवा विझलेला, बटण आधीच खाली.

हे मागे येऊन उभे होते.

"चार दिवस झाले बंद करून," म्हणाले. "मेली येतच नाहीत गं."

मला सांगायचं नाही का, असं विचारलं.

"तू म्हणाली असतीस, एवढंही जमलं नाही."

म्हटलंच असतं मी. लाज वाटली, खूप.

मग दोघं शेताच्या फाटकाशी गेलो. एक दार यांनी ओढलं, एक मी. सताड उघडं ठेवून आलो.