देशाची बेरोजगारी सरोजिनीने कशी उतरवली

सानपाडा, रविवार

तीर्थस्वरूप दिलीपदादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो कागदावरच घालतो आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आहे.) वहिनींची पाठ कशी आहे? श्रुतीचं बाळ रांगायला लागलं का? बर्फात फिरायला जाऊ नका. एवढं विचारून झालं, आता भांडतो.

परवा तुम्ही घराण्याच्या ग्रुपवर तो आलेख टाकलात. लाल रेघ तुमच्या कॅनडाच्या बेरोजगारीची, अलीकडे वर चढणारी. निळी आमची, खाली उतरणारी. आणि त्याखाली तुमचं वाक्य, की आता भारतातच कामं आहेत, ज्याला करायचंय त्याला मिळतं. साऱ्या घराण्याने अंगठे दिले. (कोल्हापूरच्या मंडळींना आलेख कळला नाही, पण तुमचा म्हणून दिले.) त्या ग्रुपवर ऋषीही होता, दादा. तुर्भ्याच्या कंपनीने कमी केल्यापासून वर्षभर अर्ज करून थकलेला माझा मुलगा. त्याने अंगठा दिला नाही, ग्रुप सोडला. तेव्हापासून तो ताट घेऊन आपल्या खोलीत जातो आणि तिथेच जेवतो. म्हणून तुम्हाला हे वेगळं लिहितो आहे.

ती निळी रेघ खाली कशी आली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला आहे. आमच्या घरापुरती ती तुमच्या भावजयीने, सरोजिनीने आणली. झालं असं, की ऋषीसाठी कराडचं एक स्थळ आलं होतं (मुलगी नमिता, बँकेत आहे), आणि मध्यस्थाने बजावलं होतं की मुलीकडचे लोक न सांगता चौकशीला येतात. त्याच आठवड्यात मी भाजी आणायला गेलो असताना दारात एक बाई उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. म्हणाली, कोण कामावर आहे, कोण बेकार, याची सरकारी पाहणी आहे. सरोजिनीला वाटलं, कराडच्यांनी काय युक्ती काढली आहे. बाईंनी जात विचारली, शिक्षण विचारलं, गावाकडे जमीन किती तेही विचारलं. आता मला सांगा, एवढं विचारल्यावर कोणाला संशय राहील? सरोजिनीने पोहे टाकले. मुलगा मोठ्या कंपनीत आहे म्हणाली. गेल्या आठवड्यात किती तास काम केलं असं विचारल्यावर म्हणाली, "तास कसले मोजताय, त्याला जेवायला फुरसत नसते." शेजारच्या यशोदाबाई (मूळच्या इथल्या गावातल्या, आता तीन गाळ्यांच्या मालकीण) तिथेच बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत आहे, पण शेजारधर्म म्हणून त्यांनीही जोड दिली, "लय गुनी पोरगा हाय, मोठे कंपनीन साहेब हाय." ऋषी त्या वेळी आतल्या खोलीत होता. भिंत पातळ आहे.

बाई निघाल्या तेव्हा सरोजिनीने हळूच विचारलं, "मुलगी स्वभावाने कशी आहे?" बाई म्हणाल्या, "माझी? ती अजून सातवीत आहे, काकू." मी आल्यावर म्हटलं, अगं, त्यांना फोन करून खरं सांग. तर म्हणते, "आणि उद्या कराडच्यांनी सरकारला विचारलं तर?" मी भाजी निवडायला बसलो.

तेव्हा कसली तुलना करता, दादा? तुमच्याकडे माणूस आपण होऊन सांगतो की मी बेकार आहे, कारण सांगितलं की भत्ता मिळतो. आमच्याकडे सांगितलं की स्थळ जातं. आणि हा आलेख तुम्ही सोयीच्या वर्षापासून का सुरू केलात? ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्या बंद पडत होत्या, ती वर्षं कुठे गेली? माझी नोकरी गेल्यावर मी मेहुण्याच्या नावडे गावातल्या सिमेंटच्या दुकानात बसायचो. पगार नाही, डबा घरचा. विचारायला कोणी आलं असतं तर मीही कामावरच धरला गेलो असतो. माझा मुलगा आळशी नाही. त्याला तुमच्या रेघेने आळशी ठरवलं, याचा मला संताप आला आहे आणि तो लवकर जाईल असं वाटत नाही.

मोठ्यांना आशीर्वाद मागतो, लहानांना देतो, आणि भांडण चालू ठेवून थांबतो.

तुमचा
शहाजी

ता. क. कराडचं स्थळ मोडलं. त्यांनी सरकारला विचारलं नाही, थेट कंपनीला विचारलं.

आणखी एक ता. क. त्या पाहणीच्या बाई तीन महिन्यांनी पुन्हा येणार आहेत, त्यांची तशी पद्धतच आहे. सरोजिनीच्या मते तोवर ऋषीला बढती मिळालेली असेल. म्हणजे निळी रेघ आणखी खाली येईल, तयारीत राहा.

शेवटचा ता. क. कॅनडात तुमचे पहिले दोन हिवाळे कामाशिवाय गेले, हे तुम्ही तेव्हा मला एकट्याला फोनवर सांगितलं होतंत. मामी, म्हणजे तुमच्या आई, इकडे तुमच्या हुद्द्याचे पेढे वाटत होत्या आणि मी ते खाऊन मान डोलावत होतो. आजवर मी हे कोणाजवळ बोललो नाही, ऋषीजवळही नाही. मी सांगितलं तर त्याला वाटेल, बाप समजूत काढतोय. तुम्ही सांगा. आलेख राहू द्या ग्रुपवर, पण त्याला एक फोन करा. वेळ पाहायची गरज नाही, तो घरीच असतो.