झगमग्या, बारक्या आणि हिचे डोळे

३ मार्च, सोमवार
आज दवाखान्यात मी जरा मोठ्यानं बोललो. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, आजोबा, ओरडू नका, प्रेशर वाढेल. राग आला की लिहून काढा. म्हणून ही वही.

रागाचं कारण असं. हिचा उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतो, महिनाभरात काढला तर दिसेल, पुढचं माझ्या हातात नाही. ऑपरेशन व्हायचं महापालिकेच्या दवाखान्यातल्या नव्या डोळे विभागात. बाहेरचा दवाखाना आपल्या आवाक्यातला नाही. विभाग तयार आहे. खाटा आल्या, मशीन आलं, भिंतींना रंग लागला, आणि दाराला कुलूप लागलं. का? तर महापौरांना उद्घाटनाचा ‘संकेत’ मिळालेला नाही.

संकेत देणार कोण, तर टीव्हीवरचा तो चकचकीत कोटातला प्रवचनकार. मी त्याला झगमग्या म्हणतो. त्याचं स्वतःचं चॅनेल आहे. टीव्हीच्या काचेवर हात ठेवा, दुखणं पळेल, म्हणतो. त्याला वरून संकेत येतो, तो महापौरांना सांगतो, महापौर शिपायाला सांगतात, मग कुलूप उघडतं. नगरसेवकांना पगार कशाला देतात देव जाणे. तेही झगमग्यालाच विचारावं लागेल.

पण काळजी नाही. महापौर म्हणजे आमचा बारक्या. त्याचा बाप पाणीखात्यात माझा मुकादम. मी चाव्या फिरवायचो, अर्ध्या शहराच्या तोंडचं पाणी माझ्या हातात होतं. बारक्याला मी कडेवर खेळवलाय. आता त्याला दोन खुर्च्या लागतात, पण कडेवरचं पोर ते कडेवरचंच.

ठराव: उद्या बारक्याला गाठायचं. तो माझा शब्द खाली पडू देणार नाही. ओरडायचं नाही.

४ मार्च, मंगळवार
काम फत्ते. जवळजवळ.

महापौरांच्या ऑफिसबाहेर बाकावर सकाळपासून बसलो. समोर भिंतीवर टीव्ही, त्यावर झगमग्या. आवाज कमी करा म्हटलं तर शिपाई म्हणाला, काका, रिमोट साहेबांकडे असतो. जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास बारक्या बाहेर आला. मी उभा राहिलो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, “काय काका, तब्येत?” म्हणाला आणि जिना उतरला. मी “डोळे विभाग” एवढंच म्हणू शकलो, पण ते त्याच्या कानावर पडलं असणार. माणसाचा चेहरा मला वाचता येतो. पाठमोरा होता, तरी.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, “खांद्यावर हात ठेवला, की बाजूला सारलं?”
बायकांना राजकारण कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार
कुलूप तसंच.

वर आज आमच्या गल्लीतलं गटाराचं काम थांबलं. रस्ता उकरलेला, पाइप बाहेर, मजूर घरी. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, गुरुजींनी, म्हणजे झगमग्यानं, सांगितलंय, जमिनीला विश्रांती हवी आहे. जमिनीला! मी तीस-बत्तीस वर्षं त्या जमिनीच्या पोटात हात घालून चाव्या फिरवल्या, मला कधी काही बोलली नाही. शेजारचा शिंपी सांगतो, महापौरांच्या केबिनमध्ये आता दोन मोठ्या खुर्च्या आहेत. उंच ती झगमग्याची. फायली आधी त्याच्या बंगल्यावर जातात, त्याचा हात फिरला की मग सही. आणि एकटा बारक्याच नाही. वरचे मंत्रीसुद्धा निवडणुकीचा अर्ज भरायच्या आधी त्याच्यासमोर मान खाली घालून बसतात. लोक टीव्हीवर ते बघतात, म्हणून मतं देतात. मतं मिळतात, म्हणून हे बसतात. कोण कुणाच्या खिशात आहे, विचार करून माझं डोकं उठलं.

शिंपी म्हणाला, “तुमचा बारक्या काय म्हणतोय?”
म्हटलं, चाललंय वरच्या पातळीवर.
तो म्हणाला, “वरच्या म्हणजे किती वरच्या?” आणि हसला. त्याच्याकडे पँट टाकायची नाही. दुसरा शिंपी शोधणे.

९ मार्च, रविवार
मुद्दाम झगमग्याचा कार्यक्रम बघितला. शत्रू ओळखावा. ‘उजेडाची घटका’ नाव. उजेड कसला, सगळा कोटाचाच. काचेवर हात ठेवा म्हणाला. ही टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसते, तिनं ठेवला. मी श्वास रोखून बघत होतो. ही हात झटकून म्हणाली, “अहो, टीव्ही पुसत जा जरा. धूळच लागली नुसती.”

शेवटी जाहीर केलं: पुढच्या रविवारी महापौर स्वतः पाहुणे. प्रेक्षकांनी फोन करावेत. लाइव्ह.
बस्स. सापडले दोघं एका पिंजऱ्यात. सगळ्या शहरासमोर विचारतो, डोळे विभागाचं कुलूप का काढत नाही? बघू कोण कुणाला संकेत देतो.

१० मार्च, सोमवार
नाव नोंदवायला फोन केला. तिकडून एक गोड आवाजाची बाई.
“अनुभव आहे का प्रश्न, आजोबा?”
प्रश्न, म्हटलं.
“रविवारी प्रश्न नसतात. फक्त अनुभव. म्हणजे गुरुजींमुळे तुमचं काय चांगलं झालं ते.”
मी म्हटलं, आणि वाईट झालं असेल तर?
ती म्हणाली, “त्यासाठी वेगळी लाइन नाहीये.”

मग मला युक्ती सुचली. इतकी झटकन की मीच चकित झालो. सातवी झालेल्या माणसाचं डोकं असं चालतं, बीए झालेल्याचं चालेल? म्हटलं, आहे ना अनुभव. माझ्या बायकोला दिसत नव्हतं, आता दिसतं. बाईनं नाव, पत्ता, सगळं घेतलं आणि लगेच रविवारची वेळ दिली.

म्हणजे आत शिरायचं अनुभवाच्या दारातून, आणि आत गेल्यावर प्रश्नाचा दणका. हिला काही सांगायचं नाही. ती आधीच नाट लावेल.

१४ मार्च, शुक्रवार
न्हाणीघरात सराव चालू. अनुभव अगदी थोडक्यात उरकायचा, मग घसा खाकरून: “महापौर, लाज वाटते का?” आवाज भिंतींवर आदळून भारी येतो. ही बाहेरून म्हणाली, “कुणाला लाज विचारताय आत?” नळ मोठा सोडला.

जीभ सारखी कोरडी पडते. नाडी बघितली. जलद आहे. वीर माणसाची असतेच.

१६ मार्च, रविवार
झाला फोन. बोललो. सगळ्या शहरानं ऐकलं.

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. मी आतल्या खोलीत फोन घेऊन, दार लावून. ही बाहेर टीव्हीपाशी. झगमग्या म्हणाला, “बोला बाबा, कसे आहात? जेवलात का?” आता हा माणूस कसाही असो, पण गेल्या कित्येक महिन्यांत मला कुणी जेवलात का विचारलेलं नाही. मी जरा हललो. अनुभव सांगितला. थोडक्यातच सांगणार होतो. पण तो “पुढे? पुढे?” म्हणत गेला आणि मी पुढे गेलो. काचेवर हात ठेवला, म्हटलं, आणि हिनं माझा चेहरा ओळखला. सुईत दोरा ओवला. खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी वाचली. हिला वाचता येत नाही, पण ते नंतर लक्षात आलं. मला रडू आलं. ते सरावात नव्हतं. स्टुडिओत टाळ्या. बारक्यासुद्धा रुमाल काढून बसला होता म्हणे.

मग मी घसा खाकरला आणि प्रश्न विचारला. पूर्ण विचारला, एक शब्द गाळला नाही. लाइन तेव्हा बंद झालेली होती. पण विचारला, हे महत्त्वाचं.

बाहेर आलो. ही टीव्हीकडे तोंड करून बसलेली. म्हणाली, “त्या बाईचं नशीब थोर. नवरा मात्र अगदी तुमच्यासारखा रडतो.”
मी टीव्ही पुसायला फडकं शोधू लागलो.
“अहो, मला दिसत नाही. ऐकू येतं.”

१८ मार्च, मंगळवार
नालायक! चोर! दोघंही!

पेपरात पहिल्या पानावर. महापौरांची घोषणा: परवाच्या थेट अनुभवानं आपले डोळे उघडले. जिथं श्रद्धेनं दृष्टी येते तिथं सुऱ्या कशाला? डोळे विभागाच्या जागी गुरुजींचं प्रार्थनागृह आणि प्रक्षेपण केंद्र होणार. मशीन परत. संकेत मिळाला आहे. संकेत म्हणजे मी!

मला साधं न विचारता माझ्या अनुभवाचा असा वापर करणं हा विश्वासघात आहे. मी एका विशिष्ट हेतूनं बोललो होतो. हे डावपेचाचं बोलणं होतं, कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. चूक त्या बाईची, जिनं लाइन तोडली. अर्धं मिनिट दिलं असतं तर आज शहराचा इतिहास वेगळा असता.

शिंपी दारात येऊन म्हणाला, “अभिनंदन, तुमचं वजन आहे बरं का बारक्याकडे.” दार लावून घेतलं. जोरात लावायचं होतं, पण बिजागरी ढिली आहे.

२० मार्च, गुरुवार
डॉक्टरला खरं सांगायला गेलो. तो हात धूत होता. ऐकून घेतलं आणि परत पहिल्यापासून हात धुतले. मग म्हणाला, “हे मला कशाला सांगता? मी कुठं विश्वास ठेवला होता?” म्हणाला, मशीन महिनाअखेर जाईल. मशीनमागून मीही. बदली झालीय.

घरी आलो तर चॅनेलची माणसं फुलं घेऊन बसलेली. प्रार्थनागृहाची फीत हिनंच कापायची. ही म्हणाली, मला नाही जमणार. त्यांच्याबरोबर महापौरांचा एक माणूस होता, फार नम्र. तो म्हणाला, “तसं नका करू आजी. उगीच लोक म्हणतील, आजोबा लाइव्हवर खोटं बोलले. पोलीसबिलीस, या वयात बरं नाही दिसत.”
 मी माझी नाडी बघत होतो.
ही म्हणाली, “येईन मी. किती वाजता?”

ते गेल्यावर मी हिला सांगितलं, घाबरू नकोस, तिथं माइक असेल. माइक खेचून घेतो आणि सगळ्यांचं पितळ उघडं पाडतो.
ही म्हणाली, “आधी जेवून घ्या.”

२९ मार्च, शनिवार
समारंभ झाला.

मागच्या दारानं मशीन ट्रकमध्ये चढत होतं, पुढच्या दारात बँड. कॉट भिंतीला टेकवून उभ्या केल्या होत्या, त्यांच्यावर फुलांच्या माळा. बारक्यानं वाकून झगमग्याच्या बुटांना हात लावला. त्याचा मुकादम बाप असता तर नळाचा पान्हा घेऊन अंगावर धावला असता.

माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी निघालोच होतो. पण कुणीतरी माझ्या हातात कात्रीचं ताट दिलं. ताट हातात असताना माइक खेचता येत नाही. ताट ठेवायला टेबल नव्हतं. खाली ठेवलं असतं तर कात्री पडली असती आणि हिच्या पायावर. हे सगळं मी तेवढ्यात विचारात घेतलं.

हिनं कात्री घेतली आणि हवेत चालवली. एकदा, पुन्हा एकदा. मला हळूच म्हणाली, “फीत कुठाय हो?” झगमग्यानं ऐकलं. माइकमध्ये म्हणाला, “बघा, आनंदानं कशी खेळतेय माउली!” आणि हिचं मनगट धरून फितीपर्यंत नेलं. कापली. टाळ्या थांबेनात.

मीही वाजवल्या. ताट काखेत धरून.

३० मार्च, रविवार
सकाळी टीव्हीवर समारंभ पुन्हा दाखवला. ही वीतभर अंतरावर बसली. डाव्या डोळ्यानंही आता नुसता उजेड कळतो, म्हणाली. कोट आला की कळतं.

झगमग्या दाखवला, बारक्या दाखवला, बँडवाले सगळे दाखवले. हिचा फक्त कात्रीचा हात आला, तोही पापणी लवते तेवढाच. मग जाहिरात लागली.

ही म्हणाली, “मी दिसले का?”
म्हटलं, दिसलीस की. मधोमध.
“चेहरा आला?”
म्हटलं, मोठा आला. हसत होतीस.

हिनं चाचपडत टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “मी तर तिथं हसले नव्हते.”