परस्पर फेडलेलं कर्ज

ट्रली, आयर्लंड, ११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. (या वेळी खरोखरच आडवा पडून.)

'रक्कम जमा झाली' असा बँकेचा मेसेज आला, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो. हात साबणाचे, फोनही साबणाचा.

मी कॉलेज सोडल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तू भरलेली दुसऱ्या सत्राची फी कॉलेजनं परत केली. ती तुला पाठवायची होती, ठाऊक आहे. ती मी माझ्या मैत्रिणीच्या, मुक्ताच्या, नागपूरच्या शैक्षणिक कर्जात भरली. सगळं कर्ज संपलं! मागे ती स्वतः हप्ते भरायची तेव्हा एकदा तिचं कार्ड अडलं आणि हप्ता मीच भरला होता, खातं फोनमध्ये होतंच. आपल्या बँका कुणाचंही कर्ज कुणालाही फेडू देतात, कर्जदाराला विचारतसुद्धा नाहीत.

तू म्हणशील, का? ताई, एवढी शिकलेली फिजिओथेरपिस्ट, आणि राहते कुठे, तर ट्रलीहून तासाभरावर, जिथे बसही मनात आलं तर येते. तिथे कुणी टिकत नाही, म्हणून गावाच्या ट्रस्टनं तिच्याशी करार केला: तीन वर्षं थांब, तुझे हप्ते आम्ही भरू. एकच वर्ष झालंय. अजून दोन वर्षं ती म्हाताऱ्यांचे गुडघे चोळत बसणार आणि मी ट्रलीत तिच्या सुट्टीची वाट बघणार? दोरी कापून टाकली. आता ती माझ्याबरोबर डब्लिनला येऊ शकते. तिला अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज आहे. बाकी मला काय काय वाटतं ते लिहीत नाही, तू जिजाजींना वाचून दाखवशील.

राग कमी आणि लोभ जास्त असू दे.
तुझा हृषी


डब्लिन, १९ फेब्रुवारी २०२५

चि. हृषी,
अ. उ. आ. (हात आशीर्वादासाठीच वर केलाय, असं समजू नकोस.)

ते पैसे आमच्या घराच्या डिपॉझिटमधले होते. उपेंद्र पत्र वाचून एवढंच म्हणाला की असू दे. दुसऱ्या दिवशी मात्र ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसहून डार्टची लोकल सोडून पावसात घरापर्यंत चालत आला. आणि कॉलेज सोडल्यावर तुझ्या व्हिसाचं काय, याचा विचार केलास का? की तेही सरप्राइज?

पण खरं संकट पुढेच आहे. काल नागपूरहून प्रतापकाकांचा फोन आला. मुक्ताचे बाबा. बँकेनं त्यांना बोलावून गहाण फ्लॅटचे कागद परत दिले, पैसे कुणी भरले तेही सांगितलं. परका मुलगा उगाच मुलीचं कर्ज फेडत नाही, म्हणजे दोन्ही घरांचं ठरलेलं दिसतंय, असा त्यांनी हिशेब मांडला. मला विहीणबाई म्हणाले, हृषी! म्हणाले की आमच्याकडे वरपक्ष मागतो, तुम्ही तर आधीच देऊन मोकळे झालात. पेढे वाटून झालेत, आता त्यांना कार्यालय बुक करायचंय.

माझ्या भावानं माझेच पैसे न विचारता उडवले, हे त्या आनंदात बुडालेल्या माणसाला कसं सांगू? मुलं ठरवतील, एवढंच म्हणाले, आणि तेही त्यांनी होकारात जमा केलं.

तू निस्तर. या वेळी मी येणार नाही.
मार खाण्यापुरता का होईना, जवळचाच आहेस.
ताई


केरी, २७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय ज्ञानदाताई,
स. न. वि. वि.

आपण कधी भेटलो नाही, तरी लिहिते. कर्ज संपलं तसा ट्रस्टचा करारही संपला. रविवारी चर्चमध्ये माझे आभार मानून झाले. आता रोज कुणी ना कुणी निरोपाचं काहीतरी आणून देतं: ब्राउन ब्रेड, जॅम, विणलेली टोपी. मी जात नाहीये, असं सांगितलं की मला समजावतात की पोरी, तुझं तरुण वय आहे, जा.

पैसे आपले होते हे हृषीकडून कळलं, म्हणून ट्रस्टला विचारलं, उरलेले पैसे मला द्या, मी ज्ञानदाताईंना फेडीन. पण ते पैसे फक्त कर्जाचे हप्ते भरायलाच देता येतात. गावाचं देणं मी हातांनी फेडत होते, एकेक गुडघा, एकेक खांदा. हृषीचं देणं कशानं फेडायचं ते बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. फ्लॅटचे कागद त्यांनी देवापुढे ठेवलेत. आई गेल्यापासून पहिल्यांदा शांत झोप लागली, म्हणाले. त्यांची ती झोप मी मोडू?

रविवारी हृषीला बोलावलंय. मी हो म्हणणार आहे. तो वाईट नाही. दोन वर्षं थांबला असता तर कदाचित मीच आधी बोलले असते.

आपल्या मनात माझ्याविषयी किल्मिष नसावं.
मुक्ता


ट्रली, ४ मार्च २०२५

ती. ताईस,
सा. न.

तू मुक्ताचं पत्र फोटो काढून पाठवलंस, ते मी बसमध्ये वाचलं. तरी गेलो, कारण हो ऐकायचं होतं. एवढा मी हलकट आहे.

तिनं इस्त्री केलेला कुर्ता घातला होता आणि कांदेपोहे केले होते. त्या गावात पोहे! खाली बघत बशी पुढे केली आणि विचारलं की मे महिना तुम्हाला सोयीचा आहे का. मला, ताई. परवापर्यंत जी मला गाढवा म्हणायची, ती. ओट्यावर निरोपाचे ब्रेड रांगेनं ठेवले होते.

मी तिथूनच प्रतापकाकांना फोन लावला. सांगितलं की काही ठरलेलं नाही, पैसे माझे नव्हते, माझ्या बहिणीचे होते, मुक्ताला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते अगदी हळू म्हणाले की उद्या बँकेत जाऊन फ्लॅट पुन्हा गहाण टाकतो, तुमच्या ताईंचे पैसे पाठवतो. मी नको नको करतोय तोवर मुक्तानं फोन ओढून घेतला. त्यांना ओरडून म्हणाली की कुठेही जायचं नाही, कुणाशीही लग्न करायचं नाही, मला इथेच काम करायचंय आणि हे पैसे माझे मी फेडीन. मग रडायला लागली, आणि तिकडे तेही रडत असावेत.

तुझे पैसे मी फेडणार, तिच्याकडून घेऊ नकोस. व्हिसाचं विचारायला उद्या जातोय.

माझ्यावर लोभ नाही केलास तरी चालेल, तिच्यावर असू दे.
हृषी

ता. क. जिजाजी विचारतील, मग तू काय केलंस म्हणून. तिनं माझ्याकडे पाठ केली होती. पोहे तसेच राहिले होते. मी जॅकेट उचललं. तिचं दार ओलाव्यानं फुगलेलं असतं, जोरात ओढल्याशिवाय लागत नाही, आणि बाहेर समुद्राचा वारा सुटला होता. तिला वाटेल मी रागानं आपटलं. वाटू दे. मी बाहेर आलो आणि दार जोरात ओढून लावलं.