हुकावरच्या चपला

४ मार्च २०२४, सोमवार
आज खंडाळ्याजवळच्या या छोट्या वीजघरात रुजू झालो. हवा झकास. क्वार्टरची खिडकी धरणाकडे उघडते. पडदे स्वतः शिवून आणले होते, सव्वाचार फुटी, बरोब्बर बसले. देहूरोडला सत्तावीस वर्षं पाइप आणि पंप केले. डिग्री नाही, आयटीआयसुद्धा अर्धी; जे येतं ते पुस्तकं वाचून आणि हात भाजून घेऊन आलंय. मोजमाप जागच्या जागी लिहायचं ही माझी शिस्त, म्हणून ही वही कायम खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत.
काम शिंपल्यांचं. बाहेरची जात आहे, धरणात कशी शिरली कुणाला ठाऊक नाही. यंत्रं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपात ती चिकटून वाढते. बारा इंची पाइपात सात इंच वाट उरली आहे. पाणी अडलं की बेअरिंग तापतं, बेअरिंग तापलं की वीज बंद. तीन साहेब येऊन हरले म्हणे. मी चौथा. मी हरणार नाही.

५ मार्च
त्या पाइपाचा चेंबर पाहिला. जमिनीखाली दहा फूट, वर लोखंडी झाकण, आत शिडी. माणूस उतरून खुरप्याने शिंपले खरवडतो. तेवीस वर्षं हे काम वराळ्याचा मकसूद करतो. त्याची पद्धत अशी, की उतरताना चपला झाकणाशेजारच्या हुकाला टांगायच्या; चपला आहेत तोवर झाकण कुणी लावायचं नाही. ना परवाना, ना कुलूप. मला हसू आलं. तो म्हणाला, "हसा भाऊ. पर चपल खोटं बोलत न्हाई."
मेसच्या कस्तुराबाई वाढता वाढता टोमणा मारून गेल्या, की नवा साहेब आला की आधी बोर्ड लावतो आणि मग जावयासारखा बसतो.

७ मार्च
बोर्ड लावलाच. आत जाणाऱ्याने माझ्याकडून परवाना घ्यावा. हुकावर चपला दिसल्यास काढून पेटीत टाकाव्यात. दुपारी एकला, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असतात तेव्हा, झाकण लावून साठ अंशाचं पाणी सोडावं, वीस मिनिटं. शिंपले तापून तडकतात, ते टकटक आवाज मोजून लिहावेत. खाली माझी सही.
ऑपरेटर धम्मदीप मला आवडला. सांगितलं तेवढंच करतो, अक्षर ना अक्षर. मकसूदने बोर्ड वाचला, मान हलवली आणि चपला हुकालाच टांगल्या.

११ मार्च
चार दिवसांत नऊ इंच वाट. रोजचे आवाज दोनशेच्या वर. मरताना शिंपला उघडतो आणि आतलं मांस जिभेसारखं बाहेर लोंबतं. घमेली भरभरून काढली. कस्तुराबाई म्हणाल्या, "लय जीव मारताय भाऊ, जपून." मी म्हटलं, मावशी, हे जीव नाहीत, मळ आहे.

१४ मार्च, गुरुवार
नेमकं लिहितो.
एक वाजता मेसमध्ये सगळे जेवत होते. मी खिडकीतून पाहिलं होतं. हुक रिकामा होता. झाकण लावलं, गरम पाण्याच्या चाव्या उघडल्या. आवाज आज कमी आले. एक्केचाळीस. मी वहीत लिहिलं: "प्रगती उत्तम."
चारला झाकण उघडलं.
रमजान सुरू होऊन तीन दिवस झाले. मकसूद मेसला येतच नव्हता. आज सुट्टीत तो खाली गारव्याला काम करत बसला होता. चपला धम्मदीपने पेटीत टाकल्या होत्या, नियमाप्रमाणे.
कातडी हातमोज्यासारखी सुटली होती. बोटांना नखं नव्हती; झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या रेघा आहेत. तोंडात शिंपले. घशापर्यंत. गच्च मिटलेले. तीन तासांत शिंपला असा धरत नाही. मी पुस्तकात वाचलंय, धरत नाही.

१५ मार्च
जबाब दिला: विनापरवाना प्रवेश. ते खरंच आहे.
त्याची बायको ताजुन्निसा आली होती. रडली नाही. चपला मागितल्या. म्हणाली, तो चपला टांगल्याशिवाय उतरायचाच नाही. मी म्हटलं, नव्हत्या. पेटी माझ्याच टेबलाखाली होती. माझा पाय पेटीला लागत होता.

१८ मार्च
गरम पाणी पुन्हा सुरू केलं. माझ्या पद्धतीत दोष नाही. चेंबर खरवडून कोरा केला होता, एक शिंपला नाही, स्वतः टॉर्च मारून पाहिलं.
आवाज एक्केचाळीस.

१९ मार्च
एक्केचाळीस. धम्मदीपनेही मोजले.
गाळणीच्या जाळीत एकच शिंपला. चाकूने फोडला तर त्याने चाकू धरला, मग अंगठा. हाड दिसेतो. हातोडीने ठेचला तेव्हा सुटला. आत माणसाचं नख होतं. अख्खं.

२० मार्च
पेटी रिकामी. चपला हुकाला, ओल्या. पाणी टपकतंय. धरणात फेकल्या.
एक्केचाळीस.

२१ मार्च
चपला हुकाला. बेअरिंग ७४ अंश. पाणी कुठे अडतंय? खाली उतरायला कुणी तयार नाही. कस्तुराबाई म्हणाल्या, बोर्ड उतरवा आणि त्या बाईला खरं सांगा. मी सांगेन. आधी आवाज कुठून येतो ते पाहतो. जेवणाआधी उतरून येतो, कुणाला कळायला नको. परवाना मीच मला काय द्यायचा.

२१ मार्च, १२.३५, चेंबरमध्ये
त्याच्या चपला काढून पाइपावर ठेवल्या. माझ्या हुकाला टांगल्या. हसू नका.
भिंती कोऱ्या नाहीत. काळ्या झाल्यात. हजारो. सगळे उघडे. आत जिभा—

१२.४६
डावा पाय धरलाय. घोट्यापर्यंत. खुरप्याने मारतोय, माझंच मांस निघतंय. रक्ताकडे बाकीचे सरकतात. शिंपले सरकतात—

१२.५५
वर धम्मदीप. उजेडात त्याचा हात दिसला. माझ्या चपला उचलल्या. ओरडलो. टर्बाइनच्या आवाजात काही—
बोर्ड मीच—

१.००
झाकण लागलं. बाजूच्या भोकातून वाफ.
पान्याने ठोकतोय. तो ऐकतोय, मला माहीत आहे ऐकतोय. लिहून घेत असेल. अकरा. बारा. हाताची सालं—
एकोणतीस
धम्मदीप हा शिंपला नाही मी
अडतीस
एकोणचा—